परतीची तालीम

१

आमच्या घरात दोनच बिऱ्हाडं. पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर श्वेंकबाई. एक आठवडा जिना आम्ही झाडायचा, एक आठवडा त्यांनी. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराच्या मुठीला झाडूचं चित्र काढलेली एक लाकडी पाटी लटकते आणि शनिवारी संध्याकाळी ती निमूटपणे दुसऱ्याच्या दाराला जाते. आमच्या दक्षिण जर्मनीतल्या आल्बच्या पठारावर माणसाने खुशाल मरावं, पण पाटीच्या आठवड्यात मरू नये. श्वेंकबाईंचे यजमान नेमके तेव्हाच गेले. बाईंनी आधी तळघरापर्यंतचा जिना पुसला आणि मग पाद्रीबाबांना फोन केला. गावात अजून त्यांचं नाव निघतं ते त्यासाठी.

माझा नवरा ओयगेन एकेचाळीस वर्षं वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. काटा पेटीत जायच्या आधी त्यावरून शेवटचा हात फिरायचा तो त्याचा. 'तपासल्याशिवाय खरं नाही' एवढाच त्याचा धर्म. लग्नाआधी तो मला तीन रविवार एकाच बागेत, एकाच बाकावर घेऊन गेला आणि तिन्ही वेळा तोच प्रश्न विचारला. मला वाटलं प्रेम आहे. होतंही, पण तिन्ही उत्तरं जुळतात का, ते तो बघत होता.

आणि माझे डोळे. ते मधून चाललेत. ट्युबिंगेनच्या डॉक्टरीणबाईंनी सप्टेंबरात सरळ सांगितलं, "हेफेलेबाई, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. काय बघायचं ते येत्या उन्हाळ्यापर्यंत बघून घ्या."

काय बघायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. आईचा बटणांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. त्याच्या झाकणावर कोलोनचं कॅथेड्रल छापलंय, दोन्ही शिखरं, मधली मोठी खिडकी, सगळं. पासष्ट वर्षं मी ते कॅथेड्रल उघडून त्यातून बटणं काढते आहे. मी त्या दिवशी घरी येऊन म्हटलं, "ओयगेन, मला कोलोनला जायचंय. डोळे आहेत तोवर."

"जाऊ की," तो म्हणाला, आणि कपाटातून कोरी फाइल काढली. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

२

तीन आठवड्यांत फाइल जाड झाली. मग एका शनिवारी सकाळी ओयगेन अंगात कोट, पाठीला पिशवी अशा अवतारात स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"कुठे निघालास?"

"कोलोनला. तालीम आहे. टोपी घाल."

मला हसू आलं, म्हणून मी टोपी घातली. तिथेच चुकलं. ज्या शनिवारी आमच्या दारावर पाटी नसेल त्या प्रत्येक शनिवारी मग तालीम व्हायला लागली. दिवाणखान्यात दोन खुर्च्या एकामागे एक, तोंड खिडकीकडे. सात बावन्नला बस. नऊ एक्कावन्नला स्टुटगार्टला गाडी बदलायची, म्हणजे उठून टेबलाला वळसा घालून पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसायचं. दहा चाळीसला लोणी लावलेलं ब्रेझेल, म्हणजे पीळ घातलेला खारा पाव. मी एकदा दहा पस्तीसला पिशवी उघडली, तर तो म्हणाला, "अगं, अजून मानहाइमसुद्धा आलं नाही!"

बारा पाचला कोलोन. दुपारी तीनला कॅथेड्रल. त्यासाठी खुर्च्या डब्यासमोर लावायच्या आणि वीस मिनिटं मान न हलवता झाकणाकडे बघत बसायचं. मग शिखर. शिखराला पाचशे तेहतीस पायऱ्या. आमच्या जिन्याला तळघरापासून माळ्यापर्यंत एकेचाळीस आहेत, आणि एकेचाळीस तेरा पाचशे तेहतीस! हा हिशेब जुळला त्या दिवशी ओयगेनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तेरा वेळा?" श्वेंकबाई दार उघडून म्हणाल्या. "माझ्या पाळीत? मी आत्ता पुसलाय जिना!"

"आम्ही मोजे घालून चढतोय, श्वेंकबाई," ओयगेन म्हणाला.

"पण जायचं कधी आहे तुम्हाला?"

"तालीम बसली की लगेच."

रात्रीच्या मुक्कामासाठी आम्ही उशा बदलून झोपायचो, म्हणजे परक्या गादीची सवय व्हावी. रविवारी सकाळी परक्या घरची न्याहारी, सहा मिनिटं उकडलेलं अंडं. ओयगेन अंडं फोडतो ते ठरलेलं आहे. चमच्याने ठक, ठक, ठक, मग थांबायचं, मग शेवटचं ठक. अंडं संपलं की तालीम संपली.

"आणि परत यायची तालीम?" मी एकदा विचारलं.

"ती कशाला? घर काय पळून जातंय?"

ऑक्टोबर ते मार्च अशा अकरा तालमी झाल्या. मधलं अंधूक होत होत झाकणावरची खिडकी करड्या डागासारखी दिसायला लागली. मी काही बोलले नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मी एक शिकले होते, ओयगेनला घाई केली की तो पहिल्यापासून सुरू करतो.

३

मार्चअखेरीस त्याने खोली ठरवायला कोलोनला फोन केला. घरगुती लॉज, मालकीण कोणी प्युट्सबाई. मी मटार सोलत होते. ओयगेन कडक आवाजात म्हणाला, "नमस्कार. हेफेले बोलतोय, आल्बवरून. आम्ही प्रथमच येत आहोत..." आणि बराच वेळ ऐकत राहिला. मग रिसीव्हर ठेवून माझ्याकडे वळला. कान लाल झाले होते.

"ती मला 'तू' म्हणाली."

"कोण?"

"ती प्युट्स! ओळख ना पाळख. 'अरे हेफेले, पुन्हा? नेहमीचीच खोली ना?' म्हणे. आणि 'अंडं सहा मिनिटंच ना?'"

"सहा मिनिटं तिला कुणी सांगितलं?"

"गिऱ्हाईक पटवायची रीत असते त्यांची," तो म्हणाला. "कोलोनची माणसं. पाच मिनिटांत गळ्यात पडतात. सगळ्यांनाच सहा मिनिटं म्हणत असेल." मग म्हणाला, "तुझं भिंग तिथे न्याहारीच्या टेबलावर राहिलंय म्हणाली. पाठवून देते म्हणाली."

माझं भिंग तिसऱ्या तालमीपासून सापडत नव्हतं.

मी शेंगा सोलत राहिले. वाटाणे भांड्याऐवजी जमिनीवर पडत होते, पण तो डोळ्यांचाही दोष असेल. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्याकडे भुतालाही वेळ ठरवून यावं लागेल.

गुरुवारी पार्सल आलं. आम्ही बाजारात होतो म्हणून श्वेंकबाईंनी घेऊन ठेवलं. त्या ते हातात देत म्हणाल्या, "कोलोनहून आलंय. म्हणजे जाऊन आलात वाटतं? मला कळवलंसुद्धा नाहीत."

पार्सलमध्ये भिंग होतं. मुठीला मी स्वतः गुंडाळलेली निळी लोकर. ती एका टोकाला सुटली होती आणि कुणीतरी ती नीट गाठ मारून बसवली होती. गाठ डावखुरी होती. मी डावखुरी आहे.

"एकाच नावाची माणसं असू शकतात," ओयगेन म्हणाला.

"एकाच लोकरीचीसुद्धा?"

त्याने फाइलमध्ये 'सापडलेल्या वस्तू' असं एक नवं पान घातलं.

४

शनिवारी सकाळी तो ब्रेड आणायला गेला तेव्हा मी स्वतः फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज, माणसांची हलकी कुजबुज.

"प्युट्स!"

"मी हेफेले बोलते आहे. रोझविटा हेफेले. भिंग मिळालं, आभारी आहे. पण मला विचारायचं होतं—"

"कितवी गं तू?" बाईने विचारलं.

"काय?"

"नाही, म्हणजे रागावू नकोस. सगळ्यांचा आवाज सारखाच. करड्या टोप्या, मोज्यांवर चालणं. मला आपलं वाटतं, ऑक्टोबरात आलेली पहिली तेवढी जरा बोलते. बाकीच्या गप्प. माणसं मात्र सोन्यासारखी हं, तक्रार नाही! शनिवार आला की बाया माझा जिना झाडतात. अख्ख्या कोलोनात असा जिना नसेल. मी म्हटलं, अगं राहू द्या, तुम्ही पाहुण्या! तर दाराला काहीतरी शोधत बसतात. पाटी कुठाय म्हणतात."

"किती जण आहोत आम्ही?"

"जोड्या अकरा. येता, पण जात नाही तुम्ही. मी विचारलं एकाला, परतीची गाडी कधीची? तर फाइल उघडून दाखवली. त्यात पानच नाही. मग मुळूमुळू रडला बिचारा. तू येणार असशील तर ये बाई, बाराव्यांना कुठेतरी कोंबते. थांब, ऐक, आत्ता न्याहारी चाललीय."

तिने रिसीव्हर बहुधा त्या खोलीकडे धरला. कुजबुज थांबली. मग मला ऐकू आलं, एकदमच, अकरा चमचे:

ठक, ठक, ठक.

मी वाट बघितली. देवा, मी वाट बघितली!

ठक.

५

ओयगेन ब्रेड घेऊन आला तेव्हा मी अजून टेलिफोनपाशीच बसले होते. मी सगळं सांगितलं. तो हसेल, डॉक्टरकडे चल म्हणेल, असं मला वाटलं होतं. तसं म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याने कोट न काढता फाइल उघडली, चष्मा लावला आणि बराच वेळ पानं उलटली.

"चूक माझी आहे," तो शेवटी म्हणाला. आमच्या लग्नात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. "काटा वर जातो तेवढाच तपासला मी. परत शून्यावर येतो का, ते बघितलंच नाही."

"मग आता?"

"आता परतीच्या तालमी. अकरा." त्याचा चेहरा उजळला होता. "ऑगस्टअखेर संपतील. फार तर सप्टेंबर."

"ओयगेन, मला तोवर दिसणार नाही."

"अगं, पण त्यांना तिथेच कसं सोडायचं? आपलीच माणसं ती!"

त्याने खुर्च्या फिरवल्या. खिडकीकडे पाठ, दाराकडे तोंड. मी बसले. का बसले ते मला आजही सांगता येत नाही. त्या अकराजणींची कीव आली म्हणून असेल. आम्ही ब्रेझेल उलट्या वेळेला खाल्लं, टेबलाला उलटा वळसा घातला. पाच बेचाळीसला बस गावात आली. ओयगेन म्हणाला, "पोचलो."

खाली मुख्य दार उघडलं.

जिन्यावर पावलं वाजली. म्हणजे खरं तर वाजली नाहीत, मोज्यांवरचीच होती ती. दोन माणसं, एक जरा धापा टाकणारं. ती आमच्या दाराशी आली आणि थांबली. मुठीला लटकलेली पाटी हलली आणि लाकडाला लाकूड लागलं, कारण संध्याकाळी श्वेंकबाईंनी ती आमच्या दाराला आणून लावली होती. मग बाहेर कुणीतरी सुटकेचा मोठा श्वास टाकला. घरी पोचल्यावर टाकतात तसा.

ओयगेनने माझा हात धरला. "किल्ली आहे का त्यांच्याकडे?" तो कुजबुजला.

"तुझ्या खिशात तालमीच्या वेळी किल्ली असते की नाही?"

"असते."

आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. किल्ली काही फिरली नाही. जरा वेळाने वरून श्वेंकबाईंचा आवाज आला, "आलात वाटतं! अहो, नमस्कार तरी करा! दाराशी काय उभे राहिलात बाहेरच्यासारखे?"

मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा ओयगेनच्या फाइलवर पाय देऊन उठले. "आपण उद्या जायचं," मी म्हटलं. "खरं. तालीम नाही. आणखी एकही नाही."

"उद्या? पण पाटी आपल्या दाराला आहे! आपला आठवडा सुरू झालाय!"

"झाडतील की ते," मी म्हणाले.

६

रविवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा पायपुसण्यावर कोणी नव्हतं. मात्र जिना झाडलेला होता, तळघरापर्यंत, कोपऱ्यांसकट. खाली उतरलो तर श्वेंकबाई चर्चला निघाल्या होत्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा गोंधळला.

"आत्ता तर तुम्ही केराची बादली घेऊन वर गेलात," त्या म्हणाल्या.

"पुन्हा खाली आलो," ओयगेन म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे बसच्या थांब्यापर्यंत तो घामाघूम होता.

गाडीत त्याने पिशवी उघडली ती साडेनऊलाच. मानहाइम यायच्या आधी दोन्ही ब्रेझेलं संपली. मी त्याला म्हटलं, "बघ, काही झालं नाही." तो म्हणाला, "मला मजा येतेय, रोझविटा." आणि मला रडू आलं, कारण मला ऑक्टोबरातच हा माणूस हवा होता.

लॉज शोधता शोधता दोन वाजून गेले. प्युट्सबाई दारात उभी होती. गुबगुबीत, हातात टॉवेल. "आलीस का! बारावी ना? नाही, थांब, एक जोडी काल सकाळी न्याहारीनंतर निघाली. म्हणजे पुन्हा अकराच." न्याहारीची खोली रिकामी होती. टेबलांवर अंड्यांच्या वाट्या, सगळ्या अंड्यांची टोपणं एकाच उंचीवर उडवलेली. मी एका खुर्चीवर हात ठेवला. गरम होती.

"कुठे गेले सगळे?" ओयगेनने विचारलं.

"तीनला कॅथेड्रल असतं ना त्यांचं. दोनलाच निघतात. चालत, हळूहळू, मोज्यांवर. ट्रामवाले घंटी वाजवून वाजवून थकले."

मी थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाता आलं असतं. पण पासष्ट वर्षं थांबले होते. आम्ही गेलो.

आत गारवा होता आणि खूप वर कुठेतरी ऑर्गनवर कोणी सराव करत होतं. मी बाकावर बसले आणि खिडकीकडे बघितलं. समोर बघितलं की मध्ये करडा डाग. म्हणून डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तशी नजर जराशी बाजूला नेली. आणि तिथे रंग होते. निळा, लाल, पुन्हा निळा. जमिनीवर सांडलेले, खांबांवर चढलेले. डब्यावर त्यांचा मागमूसही नाही. डब्यावर खिडकी काळी आहे! मी ओयगेनचा हात इतका दाबला की त्याचं हाड वाजलं.

पण कडेचं दिसतं म्हणजे कडेचं सगळंच दिसतं.

डाव्या कडेला, पुढच्या बाकांवर, करड्या टोप्या होत्या. एकामागे एक, दोन दोन. ताठ बसलेल्या, मान न हलवणाऱ्या. मी त्यांच्याकडे वळले की तिथे नुसतं लाकूड. पुन्हा खिडकीकडे नजर नेली की पुन्हा टोप्या. आणि खिडकीकडे त्यांच्यापैकी कोणीच बघत नव्हतं. सगळ्यांची मान खाली, मांडीवर काहीतरी धरलेलं, वीतभर लांबीचं, चौकोनी. पत्र्यावर कुठलातरी रंग पडून चमकला. ते काय होतं ते मला ओळखता आलं.

मी उठून त्यातल्या एकीचा खांदा धरून सांगायला हवं होतं, बाई गं, वर बघ! मी सांगितलं नाही. मला भीती वाटली की ती वर बघेल.

७

आता मे लागलाय. आम्ही इथेच आहोत.

त्या पहिल्याच संध्याकाळी ओयगेनने घरी फोन लावला होता. आमच्याच नंबरवर. दोन रिंगनंतर कोणीतरी उचलला आणि कडक आवाजात म्हणालं, "हेफेले." ओयगेनने जरा वेळ ऐकलं, विचारलं, "जिना झाडला का?" पलीकडून उत्तर आलं, "झाडला. कोण बोलतंय?" त्याने फोन ठेवला आणि म्हणाला, "चोख माणूस आहे." त्यानंतर परत जाण्याचा विषय त्याने काढला नाही. त्याच्याकडे फाइल नाही, घड्याळ तो खोलीत विसरतो आणि नदीकाठी बसून बोटींना हात करतो. मी रोज कॅथेड्रलला जाते. सकाळी नऊला जाते, तीनला कधीच नाही. मधला डाग वाढतोय, पण निळा अजून कडेला आहे. मी सुखात आहे, हे सांगायची लाज वाटते, पण आहे.

शनिवारी इतर बायांबरोबर जिना झाडते. कुणी कुणाकडे बघत नाही.

काल प्युट्सबाई तळघरात होती आणि फोन वाजला, म्हणून मीच उचलला.

"नमस्कार," एक बाई म्हणाली. आल्बवरचा हेल, माझा हेल. "हेफेले बोलते. रोझविटा हेफेले. आम्हाला एक खोली हवी होती. आम्ही प्रथमच येत आहोत."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो? तुमच्याकडून कॅथेड्रल दिसतं का हो? माझे डोळे जरा... उन्हाळ्यापर्यंतच आहेत म्हणतात."

"दिसतं," मी म्हणाले. मला रडू येत होतं. "बाई, माझं ऐका. उद्याच निघा. काही ठरवू नका, काही लिहू नका. नवऱ्याला कोट चढवा आणि निघा. तालीम करू नका! ऐकताय ना? एकही तालीम करू नका."

ती थोडी हसली. मला ते हसू ओळखीचं वाटलं. टोपी घालताना मी हसले होते तसंच.

"तुम्हाला कसं कळलं?" ती म्हणाली.

तिच्या मागे कुठेतरी, माझ्या दिवाणखान्यात, खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता.